नलूनं घर आवरलं

नलू गेल्याची बातमी मला कुणी द्यावी लागली नाही. मी तिच्या उशाशीच बसलो होतो. अकरा दिवस दवाखान्यात, डॉक्टर म्हणाले फार उशीर झालाय, आणि संपलं... भेटायला येईल त्याला मी हेच सांगत होतो, की बघा, कधी साधी तक्रार नाही आणि अकरा दिवसांत गेली, ना कुणाला त्रास दिला ना स्वतःला करून घेतला. लोक मान हलवून म्हणायचे, पुण्यवान हो बाई. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. खरी बातमी मला मिळाली ती तेराव्याचं जेवण उरकल्यावर. पाहुणे निघून गेले होते. मी फोनवर कुणाला तरी तेच अकरा दिवसांचं पुराण ऐकवत होतो आणि सासरहून आलेली आमची मुलगी प्राची समोर बसून भांडी पुसत होती. मी फोन ठेवला तशी ती म्हणाली, "बाबा, अकरा दिवस नाय. चार महिने. आईला दसऱ्यालाच कळलं होतं." मी विचारलं, तुला? तिनं मान हलवली. मग पुढचा प्रश्न मी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर समोरच होतं. आम्हा तिघांत एकट्या मलाच माहीत नव्हतं.

मी बोईसरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. हजारभर खण, प्रत्येक खणाला नंबर, प्रत्येक नंबराला कार्ड. डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच बोल्ट हाताला लागतो, असा माझा लौकिक. आणि नलू शिरगावची, किल्ल्यामागच्या वाडीतली. तिच्या माहेरी ओटीवर नारळांचा ढीग, ढिगावर कुणाचा तरी टॉवेल, टॉवेलावर मांजर, आणि त्यातलं काहीच कुणाला खुपत नसे. लग्नानंतर चौथ्या दिवशी मला कंगवा साखरेच्या डब्यावर सापडला. मी तो उचलून तिच्यासमोर धरला, तर म्हणते, "सापडला ना? मग झालं तर!" तिचं आपलं एक शास्त्र होतं. वस्तू जिथे लागते तिथेच तिनं राहावं. गजऱ्याचा दोरा ती खिडकीशी बसून कापायची म्हणून कात्री खिडकीत. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायची म्हणून चष्मा फ्रीजवर. मी चिडून कपाटात ठेवलं की म्हणायची, "अहो, वस्तू हाय ती, कैदी नाय." एकदा मी हौसेनं सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. आठवड्याभरात मिठाच्या चिठ्ठीमागे हळद बसली. जाब विचारला तर उलट मलाच, "तुमी काय चिठ्ठी वाचून जेवता?" संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून जिना चढायला लागलो की ती प्राचीला मोठ्यानं ओरडून सांगायची, "उचल गं बाय, इन्स्पेक्टर आला!" उचलायचं मात्र कुणीच नाही. या भांडणात एकतीस वर्षं गेली आणि खरं सांगायचं तर फार मजेत गेली. दोघांनाही ते जिंकायचं नव्हतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

मग गेल्या दिवाळीची आवराआवर सुरू झाली. एरवी दिवाळीतही नलू एक माळा झाडून दमायची. या खेपेला तिनं स्वयंपाकघर घेतलं, मग कपाटं, मग पलंगाखालच्या पेट्या. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी बाईचं आवरणं चालूच. लाइटबिलांची फाइल, गॅसची फाइल, माझ्या औषधांचा डबा. हळदीच्या डब्यात हळद आणि मिठाच्या डब्यात मीठ! मी कारखान्यात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, शेवटी बायको सुधारली, एकतीस वर्षं लागली पण सुधारली. घरी येऊन तिलाही म्हणालो, "हरलीस ना?" ती हसून म्हणाली, "हरली, बाबा, हरली." जरा बारीक झाली होती. विचारलं तर म्हणाली, साखर सोडली. मी म्हटलं, शाब्बास.

त्याच दिवसांत ती दर मंगळवारी प्राचीबरोबर माहेरी वाडीवर जायला लागली. मी कामावर, मला काय कळणार? संध्याकाळी दमून पडलेली असायची, पण टेबलावर वाडीची केळी हमखास. मी जेवल्यावर दोन खायचो आणि दर वेळी म्हणायचो, शिरगावच्या केळ्याची चव वेगळीच, बाजारातल्याला ती नाही. आता प्राचीनं सांगितलं की ती केळी बोईसर स्टेशनाबाहेरच्या गाडीवरची होती. मंगळवारी त्या दोघी मुंबईला मोठ्या दवाखान्यात जायच्या आणि परत येताना माझ्यासाठी पुरावा घेऊन यायच्या. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती म्हणे. हे सगळं ऐकून मला नलूच्या आजाराआधी त्या केळ्यांचा राग आला. मी चव घेऊन वाखाणणी करत होतो आणि त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या... काय वाटत असेल त्यांना? कीव आली असेल, की हसू?

"मला का नाही सांगितलं?" हे मी प्राचीला तेव्हाच विचारलं, आणि बाप मुलीशी ज्या आवाजात बोलत नाही त्या आवाजात विचारलं. ती रडत रडत म्हणाली, "आई म्हणाली, त्यांना सांगू नको. ते माझी फाइल करतील. आजीचं केलं तसं भिंतीवर वेळापत्रक लावतील. मला उरलेले दिवस घरात राहायचं हाय, स्टोअरात नाय." माझी आई सहा महिने अंथरुणावर होती तेव्हा मी तिच्या खोलीत तक्ता लावला होता. गोळ्या किती वाजता, पाणी किती पेले, कुशीवर कधी वळवायचं. सगळं तंतोतंत झालं. आईजवळ बसून गप्पा नलू मारायची, मी तक्त्यावर खुणा करायचो. तेव्हा नलूनं मला एका शब्दानं टोकलं नाही. मनात मात्र ठेवलं. म्हणजे पसाऱ्यात जगणाऱ्या बाईनं ही एकच गोष्ट नीट जपून ठेवली होती. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तक्ता लावलाच असता, आणि तरीही हा विश्वासघात आहे असंच मी म्हणेन. कारण मी तक्ता लावला असता आणि तिनं तो फाडला असता! मग मी दुसरा लावला असता. ते भांडण माझ्या हक्काचं होतं, आणि तिनं मला न विचारता ते परस्पर मिटवून टाकलं.

पण याहून मोठा घाव पुढच्या दिवशी बसला. तिच्या साड्या बहिणींना द्याव्यात म्हणून मी कपाट उघडलं, तर आत माझे शर्ट. इस्त्रीचे, रंगावार लावलेले. तिच्या साड्या फक्त तीन. तिचे झबले-टोपरे विणायचे दोरे नाहीत, शिवणाचा डबा नाही, बांगड्यांची पेटी नाही. घरभर शोधलं. माझं सगळं जागच्या जागी, तिचं काहीच नाही. आणि मग मला संक्रांतीआधीचा तो रविवार आठवला. "जुनंपानं हाय, पाड्यावरच्या बायांना देऊ," असं म्हणून तिनं सात गाठोडी बांधून ठेवली होती. तिला उचलवत नव्हती, म्हणून ती मीच एकेक करून दोन जिने खाली, प्राचीनं आणलेल्या रिक्षापर्यंत नेली. रिक्षावाला म्हणाला, "अंकल, घर खाली कर रहे हो क्या?" मी छाती फुगवून सांगितलं, "नहीं भाई, इतने साल में पहली बार सफाई हो रही है." नलू वर खिडकीत उभी होती. तिनं हे ऐकलं असणार. ती स्वतःला घरातून काढत होती आणि ओझी वाहायला तिनं मला लावलं. यासाठी मी तिला माफ केलेलं नाही. प्राचीशीही मी महिनाभर एक अक्षर बोललो नाही.

गेल्या रविवारी प्राची आली. मी दार उघडलं आणि आत जाऊन बसलो. तिनं एक पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "ही एवढी मी दिली नाय. आईला सांगितलं, दिली म्हणून." मी विचारलं, "म्हणजे तिलासुद्धा फसवलंस?" "हो." खोटं कशाला बोलू, महिन्याभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. कुणीतरी तिलाही फसवलं होतं. मी प्राचीला म्हटलं, बस, चहा टाकतो.

पिशवीत तिच्या घरात वापरायच्या सपाता होत्या, टाचेशी झिजलेल्या. त्या मी बाहेरच्या खोलीत ठेवल्या. ठेवल्या आणि बघितलं, तर जोडीनं, भिंतीला समांतर, दुकानात ठेवतात तशा. एक जरा तिरकी केली. ती तिरकी केल्यासारखीच दिसत होती. एक पलंगाखाली ढकलली, मग वाटलं हे भलतंच, पुन्हा बाहेर काढली. एकतीस वर्षं ज्या सपातांवरून मी रोज बोललो, त्या ती नेमक्या कशा टाकायची ते मला येत नाही. प्राची चहाचा कप धरून बघत उभी होती.

ती गेल्यावर मी एक सपात उलटी करून ठेवली. आमच्याकडे म्हणतात, घरात चप्पल उलटी पडली की भांडण होतं. नलू बाकी कशाला हात लावायची नाही, पण उलटी चप्पल दिसली की असेल तिथून येऊन पायानं सरळ करायची. म्हणायची, "उगीच भांडणं नकोत." आता आठवडा झाला, मी ती तशीच ठेवली आहे. ये आता, नलू. आपलं चार महिन्यांचं भांडण व्हायचं राहिलंय.