नस शोधणारी डॉक्टरीणबाई

रहाटणीतली ती कुत्र्यांची डॉक्टरीण माणसांशी कमीच बोलते. "काय रे, काय खाल्लंस?" असं कुत्र्यालाच विचारते आणि उत्तर मालकाकडून घेते. मी चौथी शिकलेला, पण कुणाचं ऐकून घेणारा न्हाई. आमचा खंड्या जेवला की गोल गोल फिरायचा, भिंतीला डोकं लावून उभा राहायचा. अशक्तपणा समजून मी त्याला रोज मटण चारत होतो.

"आजोबा, मटण बंद," खंड्याला तपासून ती म्हणाली.

"का? माझ्या घरात कुत्रं भुकं ऱ्हात न्हाई."

"तुमचं मटणच त्याच्या डोक्यात चढतंय."

सोनोग्राफीत काही सापडलं नव्हतं. दुसऱ्यानं नाद सोडला असता. हिनं खंड्याला भूल देऊन, शिरेत औषध सोडून सीटी स्कॅन केला आणि पडद्यावर चित्रं पुढं-मागं करत बसली. शेवटी एका जागी बोट ठेवलं. एक नस लिव्हरला चुकवून, मटणातलं विष साफ न होताच, रक्त तसंच पुढं डोक्याकडं नेत होती.

"म्हंजे पाट फुटला. वाफ्यात न जाता पाणी थेट वढ्याला," मी म्हणालो.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "आजोबा, आता मी सगळ्यांना असंच सांगणार."

ऑपरेशन करून ती नस बांधली. दोन महिन्यांनी तिनं खंड्याला समोर जेवू घातलं आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बघत बसली. तास झाला तरी खंड्या फिरला न्हाई. तिच्या मांडीवर डोकं टाकून घोरायला लागला. बाहेर माणसं खोळंबली होती, पण बाई हलेना. मग मीच दार उघडून ओरडलो, "थांबा जरा! कुत्रं झोपलंय!"