दुधावर आलेला आळ

"पुढचे चारही दुधाचे दात किडलेत," मी म्हणाले, आणि आजींनी लगेच सुनेकडे पाहिलं.

"बग, डाक्टरीनबाईबी त्येच म्हनल्या. दुधानंच किडले."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घोडेगावात माझा दातांचा दवाखाना होता. एक खुर्ची आणि लाइट गेली की बंद पडणारं ड्रिल. डोंगरातल्या आहुप्याहून पहिली एसटी यायची, टपावर हिरड्याची पोती आणि आत माझे पेशंट. आजही हिरड्याचा वास आला की मला तो दवाखाना आठवतो, जीव हळवा होतो.

त्या दिवशी आजी, त्यांची सून हौसा आणि हौसाची तीन वर्षांची सुमी आल्या होत्या. सुमीचे वरचे पुढचे दात हिरडीपर्यंत काळे. हौसाच्या मांडीवर महिन्याभराचं बाळ, सुकलेलं, सारखं किरकिरणारं. आजी त्याला चमच्याने शेळीचं दूध पाजत होत्या. ते ओघळून बाहेर येत होतं. आणि इकडे हौसाचा पदर दुधाने ओला झालेला.

"अगं, अंगावर घे की त्याला," मी हौसाला म्हणाले.

"आत्याबाई नको म्हन्त्यात," हौसा खाली बघत म्हणाली. "माझं दूध नासकं हाय म्हनं. सुमीचे दात त्यानंच गेले."

माझं डोकंच फिरलं. पण ओरडले असते तर आजी परतीच्या गाडीने निघून गेल्या असत्या आणि बाळ उपाशीच राहिलं असतं. मी स्टूल ओढून बसले.

"आजी, दूध प्यायच्या वयात येतात म्हणून ते दुधाचे दात. आईच्या दुधाचा त्यात काय दोष?"

"मंग किडले कशानं? गोड तर आमी देतच न्हाई. चाकलेट कोन आननार आमच्याकडं?"

इथे माझंही अडलं. झोपेत तोंडात गोड राहिलं की असे पुढचे दात जातात. आम्ही त्याला बॉटल केरीज म्हणतो, दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांची कीड. पण यांच्या घरात बाटली कुठली?

"सुमी झोपते कशी?"

"लई गुनाची. चोखनं तोंडात दिलं का रातभर गप."

आजींनी पिशवीतून फडक्याची गाठ काढली. मी हुंगली. रानातला मध.

"आजी, हे गोड नाही?"

"गोड कसलं? औशिद हाय त्ये."

"औषधच. पण रात्रभर दाताला चिकटून राहिलं, की दातच खातं. दुधावर उगाच आळ आला."

 आजींनी चमचा पिशवीत टाकला. "घे गं त्याला," त्या हळूच म्हणाल्या. हौसा भिंतीकडे तोंड करून बसली. किरकिर थांबली.  मग मी सुमीच्या दातांकडे वळले.

तेव्हापासून मी सरळ 'पहिले दात' म्हणू लागले. नसता घोळ नको.

काही वर्षांनी आजी त्याच नातवाला दाखवायला आल्या. पांढरेशुभ्र दात.

"याचे पहिले दात छान आहेत हो, आजी."

"पहिले काय?" आजी फणकारल्या. "दुधाचे म्हना. त्याच्या आयच्या दुधाचे."