माझे साडू आणि कॉफीची डबी

माझ्या साडूंनी आजवर कोणतीही वस्तू सुखासुखी विकत घेतलेली नाही, आणि त्यांच्याबरोबर खरेदीला गेलेला माणूस सुखासुखी घरी परतलेला नाही. आमच्याच गावच्या लालबाग वस्तीत राहणारा, तापीकाठी केळी पिकवणारा हा गृहस्थ बंद माल घेत नाही. शनवाऱ्याच्या बाजारात गादी घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी टाका उसवून आतला कापूस चिमटीत धरून पाहिला. फ्रिज घेताना, दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो का हे पाहायला मोबाइलचं शूटिंग चालू करून तो आत ठेवला आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी छताला टांगलेले पंखे निरखत होतो.

अशा माणसाला कॉफीच्या मशीनने झपाटलं. स्वतः ते जन्मात कॉफी प्यायलेले नाहीत. चहा, तोही बशीतून. कारण होतं त्यांची एकुलती मुलगी. ती बेंगळुरूला नोकरी करते, येते तेव्हा दोन रात्री राहते आणि निघते. गेल्या खेपेला आईने आणखी चार दिवस राहा म्हणून फार आग्रह धरला, तेव्हा ती हसत म्हणाली, "तुमच्याकडे सकाळी धड कॉफीसुद्धा मिळत नाही." तिच्याकडे म्हणे कॉफीच्या भुकटीची छोटी बंद डबी घातली की एक कप कॉफी काढून देणारं मशीन आहे. बोलणारी बोलून विसरली. साडूंनी मात्र ते मनाला लावून घेतलं. कॉफी मिळाली की पोरगी राहील, असा सरळ विचार करून त्यांनी मला फोन केला. मी निवृत्त आहे, हा माझा गुन्हा.

पुढचे कित्येक दिवस माझ्या तोंडात दात घासायचा ब्रश असतानाच त्यांचा फोन यायचा. एका कंपनीची डबी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, हे कळलं त्या दिवशी तर ते खवळलेच. "म्हणजे पंप माझा अन् पाणी त्यांचं? मी काय येडा आहे का, साडूभाऊ?" मग कुणाचीही डबी चालेल असं मशीन शोधणं आलं. मग ते इन्व्हर्टरवर चालेल का, कारण लाइट जायची ती नेमकी पोरीच्या कॉफीच्या वेळी जाणार. आणि एका वेळी एकच कप निघतो म्हटल्यावर तर त्यांनी डोक्याला हात लावला. चौघं पाहुणे आले तर एकाने प्यायचं आणि तिघांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, ही कुठली रीत? मी वैतागून म्हटलं, मशीन पाहुण्यांसाठी नाही, पोरीसाठी आहे. त्यावर ते म्हणाले, "तिकडं ती एकटीच बसून पिते का मग?"

शेवटी इंदूरला गेलो. काचेचं, थंडगार दुकान. काउंटरवरची बाई फार गोड आवाजात एकेका डबीची चव समजावून सांगत होती. साडूंनी डबी कानाशी हलवली, हुंगली आणि म्हणाले, "काटके दिखाओ."

"सर, ये सील्ड रहता है."

"तभी तो बोला, काटके दिखाओ."

आणि ती काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून मळ्यातला चाकू काढला. दारावरचा रखवालदार लगबगीने पुढे आला. तोवर डबी उभी चिरली गेली होती, भुकटी काउंटरभर सांडली होती आणि साडू ती बोटाने जिभेवर ठेवून तोंड वाकडं करत होते. मला तिथल्या फरशीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी शांतपणे चाकू पुसला आणि बाईला विचारलं, "बेंगलोर में जो लड़की दिनभर कंप्यूटर पे बैठती है, वो कौनसी पीती है?" ती बाई हसली, आणि मग न हसता विचार करून तिने एक डबी पुढे केली. मशीन तिथल्या तिथे ठरलं. चिरलेल्या डबीचे पैसेही त्यांनी न मागता दिले.

मशीनला हळदकुंकू लागलं. पोरगी आली, पहिला घोट घेऊन म्हणाली, "पप्पा, एकदम तिकडच्यासारखी." तिचे डोळे भरून आले होते. साडू शेजारी दुसरी डबी हातात धरूनच उभे होते. दोन रात्री राहून ती निघाली.

मला भयंकर राग आला, आणि कुणावर यावा हे कळेना. तिच्यावर कसा येणार? तिचं काम तिकडे, मित्रमैत्रिणी तिकडे, सगळं आयुष्यच तिकडे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, एका साडूंशिवाय. त्यांना आता एकदा स्पष्ट सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"साडूभाऊ, ते कॉफीचं नव्हतं. दुसरंच काहीतरी कमी असन आपल्या घरात. तिले विचारत नाही, तिले वाईट वाटंल. आपणच शोधू. रिकामे आहात ना?"

सांगायचं वाक्य माझ्या ओठांवर आलेलं होतं. पण मी म्हटलं, "रिकामाच आहे. कधी निघायचं?"