कोळशासकट पार्सल

मैत्रिणींबरोबर देवबागला निघताना बाबांना विचारलं, "काय आणू तुमच्यासाठी?" भिंतीकडचं तोंड न वळवता ते म्हणाले, "काही नको." आजारपण सरलं होतं, पण त्यांची चव गेली ती गेलीच. मऊ भाताचे चार घास, तेही आईने डोळे वटारल्यावर. कणकवलीजवळच्या गावात वाढलेला हा माणूस वडे-सागोती (पुरीसारखे वडे आणि कोंबडीचं झणझणीत कालवण) म्हटलं की पंगतीतून उठायचं नाव घेत नसे. मैत्रिणींना डॉल्फिन बघू देत, आपण पुण्याला वडे-सागोती न्यायचीच, असं मी ठरवून टाकलं.

देवबाग म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या मंदावहिनींच्या घरी आम्ही उतरलो होतो. बाई बोलायला फटकळ, वाढायला सढळ. माझ्या ताटातल्या बांगड्याला थोडं मांस राहिलेलं दिसलं की पुण्यात मासे असे अर्धवट टाकतात का, म्हणून विचारायच्या. त्यांना बाबांचं सांगितलं, तेव्हा मात्र एकही टोमणा न मारता त्या कोंबडी रस्सा न ठेवता सुकीच करते म्हणाल्या, म्हणजे प्रवासात टिकेल.

निघायच्या संध्याकाळी मी ऐटीत माझा घट्ट झाकणाचा डबा पुढे केला. वहिनींनी तो उघडला, मिटला आणि परत माझ्या हातात दिला.

"डब्यात वड्यांका घाम येता गो. मऊ पडतत."

मग त्यांनी केळीचं पान चुलीवर शेकलं. शेकलं की ते दुमडताना फाटत नाही. गार झालेले वडे एका पानात, सुकी सागोती दुसऱ्यात. पूर्वी वर वर्तमानपत्र गुंडाळायच्या; शाई अन्नाला लागते कळल्यापासून वाण्याकडचा खाकी कागद आणतात. वरून केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सालीची दोरी. पार्सल इतकं देखणं झालं की सोडायचं जिवावर आलं असतं. आणि एवढं सगळं झाल्यावर त्यांनी चुलीतला विझलेला कोळसा उचलून कागदाच्या घडीत खोचला!

मी हात आडवा घातला. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तिन्हीसांजेक सागोती घेवन जातंस नि कोळसो नको म्हणतंस? वाटेत कायतरी मागे लागात."

हे कायतरी म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मालवणच्या स्टँडवर कोळसा काढून टाकायचा, असा माझा बेत होता. पण गाडी लागलेलीच होती आणि धावपळीत तो राहून गेला.

तळेऱ्याला गाडी चहाला थांबली. तोवर सगळ्या गाडीभर माझ्या पार्सलचा वास सुटला होता. कंडक्टर येऊन उभे राहिले. आता हे खाली सामानात ठेवायला लावणार, म्हणून मी पिशवी पोटाशी धरली. त्यांनी वाकून हळूच विचारलं, "पुढे घाट आसा. कोळसो घातलास मा?"

मी होकाराची मान हलवली. "मगे ऱ्हवांदे," म्हणत पिशवी तिथेच राहू देऊन ते निघून गेले. मला हसू आवरेना.

सकाळी घरी पोचले. बाबा खुर्चीत बसले होते. मी पार्सल त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आता "भूक नाही" ऐकायचं, अशी मनाची तयारी केली. त्यांनी दोरी सोडली, कागद उलगडला आणि कोळसा टपकन लुंगीवर पडला. तो उचलून त्यांनी बोटांत फिरवला.

"कोळसो कोणी घातल्यान गो?" लग्नाच्या आधीपासून पुण्यात राहिलेले बाबा माझ्याशी कधीच मालवणीत बोलले नव्हते.

मी मंदावहिनींचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी पान उघडलं, वडा मोडला आणि खाल्ला. मग दुसरा. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

काळे डाग बघून आई कोळसा टाकायला घेऊन चालली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

"ऱ्हवांदे तो. देवबागाक गेल्यार त्या बायेक परत देवया."

आजारी पडल्यापासून बाबा पहिल्यांदाच कुठेतरी जायचं म्हणत होते. कोळसा आता फ्रिजवर आहे, त्याच खाकी कागदात.