आईने धरलेली खोईन

बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे भाताबरोबर खायला मीठमिरचीच असायची. काल उमरठच्या घरी माळ्यावरून मासे धरायची बांबूची खोईन काढली. तिला अजून मासळीचा वास होता.

उन्हाळ्यात नदी आटली की अख्खी वाडी डोहात उतरायची. घरटी एक बाप्या खोईन धरायचा आणि वाळूवर घरागणिक सारखे वाटे पडायचे. आमच्यात आता बाप्या नव्हता, म्हणून त्या वर्षी आईच खोईन घेऊन पाण्यात उतरली. दहावीच्या पेपरला निघालेली मी काठावर थांबले. "आये, मी धरते."

"तू जा गो पेपरला!" आई कमरेएवढ्या पाण्यातून ओरडली.

"बाईमाणसाला वाटा नाय हां, वयनी," एक चुलते म्हणाले.

"मासा इचारून शिरतो काय, बाई हाय का बाप्या?" आई म्हणाली.

सगळा डोह हसला. मला तिच्या भिजल्या लुगड्याची लाज वाटली, मी मान खाली घालून पळाले. संध्याकाळी चुलीवर आमच्या वाट्याचे मासे शिजत होते.

आज वाटतं, घटकाभर थांबून तिच्याकडे बघायला हवं होतं. आई नाही. वाडी मुंबईला गेली, डोहात कुणी उतरत नाही.

त्या परीक्षेत मी पास झाले. पुढे बी.ए. केलं. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट.