रंगावर आवळलेली वायर

शहाड मागे पडलं तरी धाकू मेस्त्री माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. पुढे मोहने गावात आमची जुनी विलायती गाडी बंद पडलेली, आणि कल्याणहून त्यांना आणायला मीच गेलेले. होड्यांची इंजिनं उघडून शिकलेला हा कोळी माणूस; आमची गाडी दुसऱ्या कोणाला जमत नव्हती. दसऱ्यानंतर गाडी तापली की स्टार्टर कण्हत फिरायचा. ‘धाकूने चांगली बॅटरी काढून जुनी बसवली,’ असं आमच्या ह्यांनी वर्तकनगरातल्या आमच्या कॉलनीत सत्यनारायणाला चारचौघांत सांगितलेलं. तेव्हापासून तिथलं धाकूंचं काम बंद झालं.

“देवासमोर चोर म्हणाले मला,” ते अखेर बोलले. “तुम्ही प्रसाद वाटत होतात, वहिनी.”

गाडीपाशी पोहोचताच हे म्हणाले, “आता काय न्यायला आलास?”

निवलेली गाडी सुरू करून धाकूंनी चांगली तापू दिली, बंद केली आणि परत चावी फिरवली. स्टार्टर कण्हला. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरीला त्यांनी बोट लावलं, तर जोड चटके देत होता. बोल्ट सोडला, तर खाली पत्र्यावर लाल रंग.

“हा कोणी दिला?”

“मी, दसऱ्याच्या पूजेआधी. वायर ह्यांनी परत आवळली.”

“रंगावरच? मग करंट जाईल कसा? तापलेलं इंजिन तर जास्तच मागतं.”

पत्रा खरवडून त्यांनी वायर बसवली. स्टार्टर झटक्यात फिरला. हे तोंड फिरवून उभे राहिले.

धाकू मलाच म्हणाले, “साहेबांची माफी नको मला. तुम्ही कॉलनीत घरोघर जा, वहिनी, आणि वायर कोणी आवळली ते सांगा.”