वायनरीत मीठ बघितलं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमटीचं मीठ बघणं. लातूरला आमची मेस आहे. क्लासला आलेली पोरं, कोण देवणीचं, कोण हदगावचं, आमच्याकडं दोन वेळा जेवतात. त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणजे तिचा उपास. तिचा उपास असला की चव बघायचं काम माझ्याकडं. मी तळहात पुढं करायचा, ती पळीनं दोन थेंब टाकायची आन म्हणायची, "बघा बरं जरा."

मी चाटलं. म्हणलं, "मीठ कमी हाय."

"जीभ गेली तुमची. मी बरोबर टाकलंय."

"मग मला कशाला इचारून राहिली?"

तिनं तोंड वाकडं करून आणखी मीठ टाकलं. पोरांनी त्या दिवशी पाण्याचं पिंप रिकामं केलं. दुपारी जरा पाठ टेकते म्हणून पडली, ती उठली न्हाई. आमटी खारट झाली हे ऐकून मला चार शब्द सुनावायचा तिचा हक्क होता. तो तसाच राहिला.

उपासाच्या बाबतीत ती लई कडक. सोमवार, गुरुवार, एकादशी, वर चतुर्थी. बाईचे जेवायचे दिवसच थोडे. वास घेतलेला चालायचा. वासाला उपास नसतो म्हणायची. पण जिभेला लागलं म्हंजे पोटात गेलं. एकदा लोणचं काढताना चुकून बोट चाटलं, तर दुसऱ्या दिवशी बदली उपास धरला. मी म्हणलं, "देवाला इतकं बारीक दिसत न्हाई." म्हणाली, "मला दिसतं ना."

माझ्यावरबी तिचा एक कायदा होता. भूकंपात आमचं घर गेलं, माणसं तेवढी वाचली. मग पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना मला शिंदी प्यायची चटक लागली. एका सकाळी तिनं माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "आता प्यालात तर मी मरंन." तेव्हापासून शिंदी न्हाई, देशी न्हाई, लग्नातली बिअर न्हाई. मी शपथ पाळली, तरी ती मरायची ती मेलीच. हे तिनं काही बरोबर केलं न्हाई.

वर्षश्राद्ध झालं आन नाताळ आला. माझा पोरगा क्लासमध्ये शिकवतो, त्याला सुट्टी होती. बुधवारी सकाळी म्हणाला, "दादा, चला, रेणापूरच्या पुढं एकानं वायनरी काढलीय. बघून येऊ."

"बापाला दारूच्या कारखान्यात नेतो काय?"

"दारू न्हाई, वाइन हाय. द्राक्षाचा रस."

"मोहाची दारूबी फुलाचाच रस हाय म्हण की."

सूनबाई नांदेडची, बोलायला पोऱ्यापेक्षा चलाख. म्हणाली, "मामा, तुम्ही नका पिऊ. नुसतं ऊन खा. घरात बसून मला भाजी चिरायला शिकवता, त्यापेक्षा बरं." मग गेलो.

डेअरीत असतात तसल्या स्टीलच्या टाक्या, वर कागदाच्या चांदण्या टांगलेल्या, आन जोडपी फोटो काढून राहिलेली. लाल टोपी घातलेल्या एका पोरीनं आम्हाला टेबलाशी उभं केलं. समोर ग्लास आन शेजारी एक चकचकीत बादली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"काका, तोंडात घोळवायची, चव घ्यायची आणि ह्यात थुंकायचं. गिळायलाच पाहिजे असं नाही."

इतकी महागाची वस्तू थुंकायला माणसं मोटारी घेऊन येतात. आमच्याकडं तमाखू थुंकणाऱ्याला बायका घराबाहेर काढतात.

पोरगा कानाशी लागला. "दादा, गिळायचीच न्हाई तर शपथ कुठं मोडती?"

पोरगं वकील व्हायला पाहिजे होतं. मलाबी मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण जिभेला लागलं म्हंजे पोटात गेलं. ती गेल्यावर तिची लुगडी वाटली, भांडी सुनेला दिली. एवढी शपथच काय ती माझ्याकडं होती. ती एका ग्लासापायी घालवायची का? म्हणलं, मी वास घेतो. वासाला उपास नसतो.

पोरगी खूश झाली. वास घेण्यातच खरी गंमत असते म्हणाली. मी एकेका ग्लासात नाक घातलं.

"काका, काय येतं?"

"खोकल्याचं औषध."

दुसरा ग्लास. "आन हे?"

"चिंच भिजत घालून इसरलेलं पातेलं."

"नीट बघा, लाकडाचा वास येईल. ही लाकडाच्या पिंपात ठेवलेली असते."

"मग येणारच की. आमच्या मागच्या खोलीत कांदे ठेवलेत, तिथं कांद्याचा येतो."

शेजारचं जोडपं फोटो सोडून माझ्याकडं बघून हसायला लागलं. मलाबी चेव आला. लई दिवसांनी कुणी माझं मत विचारून राहिलं होतं.

शेवटची वाइन काळपट लाल होती. सूनबाईनं एक घोट घेतला, डोळे बारीक केले. तिला चवीचा अंदाज येईना. ग्लास माझ्याकडं करत ती म्हणाली, "मामा, बघा बरं जरा."

माझा तळहात आपसूक पुढं गेला. सूनबाईनंबी इतकी वर्षं तेच बघितलेलं. तिनं विचार न करता दोन थेंब हातावर टाकले. मी चाटलं, जीभ टाळूला लावली आन म्हणलं, "मीठ कमी हाय."

सगळी हसली. लाल टोपीची पोरगी टेबल धरून हसली. मीबी हसलो. मग हसता हसता कळलं की घशाखाली गेली. बादली होती तिथंच, कोरडी.

परतताना पोरगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "थेंबभर तर होती, दादा."

"तुझ्या आईला थेंब आन घागर एकच."

"मग आता?" सूनबाईनं विचारलं. तिचा आवाज उतरला होता. "चूक माझी हाय, मामा. मी टाकली."

"तू टाकली, पण जीभ माझी हाय न्हवं? उद्या वार कोणता?"

"गुरुवार."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून नुसता चहा घेतला. भाकरीचं ताट परत पाठवलं. नाताळातबी घरी न गेलेली दोन-चार पोरं जेवायला येणार होती, म्हणून सूनबाईला बाजूला सारून आमटी मीच टाकली. उकळी आली तसा वास घेतला. वासात मीठ कळत न्हाई, हे मला त्या दिवशी कळलं.

पळी भरली आन सूनबाईला म्हणलं, "हात कर."

तिनं तळहात पुढं केला. मी दोन थेंब टाकले. "बघ बरं जरा."

तिनं चाटलं. माझ्याकडं बघितलं. "जास्त झालंय, मामा."

"जीभ गेली तुझी," मी म्हणलं आन आमटीत तांब्याभर पाणी ओतलं.